तुळस, डास आणि विहिरी

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या धर्मग्रामांत घरभेटीस गेलो की, सज्ज्यातील तुळस नि गवती चहा आम्हांला डासांवरचा उपाय म्हणून दाखविला जातो. ही श्रद्धा जुनी आहे. मुंबईची व्हिक्टोरिया गार्डन उभारताना डासांनी कामगार बेजार झाले; हिंदू कारभाऱ्यांच्या सल्ल्याने सभोवार तुळस लावताच ताप हटला, असे जॉर्ज बर्डवुड यांनी १९०३ साली लंडनच्या ‘टाइम्स’ला कळविले. परंतु डॉ. बेंटली यांनी १९११ साली मुंबईच्या हिवतापाचे मूळ विहिरींत व टाक्यांत दाखवून दिले. पाने चुरडल्यावाचून त्यांतील तेल हवेत फारसे उतरत नाही. परवा एका घरी तुळशीच्या कुंडीखालची बशी आम्ही पाहिली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या!