घाटातील पूल आणि ते बांधणारे हात

महाराष्ट्र आणि बंगळूर यांच्यामधील अंतर आज आपल्याला फारसे जाणवत नाही. परंतु ज्या लोहमार्गाने हे दोन प्रदेश प्रथम जोडले, त्याचा इतिहास मात्र आपल्या विस्मरणात जात चालला आहे. १८६४ साली बंगळूर छावणी जोलारपेटमार्गे मद्रास रेल्वेला जोडली गेली. पुढे १८७१ साली मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे रायचूर येथे मद्रास रेल्वेस मिळाली आणि मराठी मुलखातून आगगाडीने बंगळूर गाठणे शक्य झाले. या वाटेवरचा पहिला आणि सर्वांत बिकट अडसर होता सह्याद्री.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, तेव्हाच सह्याद्री दोन ठिकाणी ओलांडण्याचा विचार पक्का झाला होता: पुण्याकडे बोरघाटातून आणि नाशिककडे थळघाटातून. कंपनीचे मुख्य अभियंते जेम्स बर्कली हे रॉबर्ट स्टीफन्सन यांचे शिष्य. याच स्टीफन्सन यांनी इंग्लंडात चेस्टरजवळ डी नदीवर उभारलेला लोखंडी पूल २४ मे १८४७ रोजी गाडीखाली कोसळून पाच माणसे दगावली होती. त्याच्या तुळया ओतीव लोखंडाच्या होत्या. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते. ताण पडला की पूर्वसूचना न देता तुटते. या धड्यानंतर पुलांच्या तुळयांसाठी घडीव लोखंडाचा वापर वाढत गेला.

थळघाटातील एहेगावच्या पुलावर लोखंडाचे सामर्थ्य दिसून आले. सुमारे १८२ फूट खोल दरीवर दगडी कमानी बांधायच्या, तर त्यांना आधार देणारे लाकडी साचे तेवढ्याच उंचीवर उभारावे लागले असते. त्याऐवजी उंच दगडी खांबांवर दीडदीडशे फुटांच्या, त्रिकोणी सांगाड्याच्या लोखंडी तुळया ठेवण्यात आल्या. त्रिकोणाचा आकार सहजी बिघडत नाही. म्हणून कमी लोखंडात मोठे अंतर सांधता येते. सुवेझचा कालवा खुला व्हायला १८६९ साल उजाडले. त्याआधीचे असे सारे लोखंड आफ्रिकेला वळसा घालून जहाजांतून येई आणि येथे त्याचे सुटे भाग जोडले जात. १ जानेवारी १८६५ रोजी इगतपुरीपर्यंत मार्ग खुला झाला.

बोरघाटात मात्र भर होता तो दगडावर. पंचवीस बोगदे, आठ दगडी पूल आणि सदतीस फुटांस एक फूट असा चढ. १८६३ साली हे काम पुरे झाले. चारच वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, त्यांतील ‘म्हाऊ की मल्ली’ या नावाने नोंदलेला पूल कोसळला. पुढील तपासणीत कंपनीच्या इतर अनेक पुलांचे दगडी बांधकामही सदोष आढळले व ते नव्याने करावे लागले. दोष दगडाचा नव्हता. सह्याद्रीच्या याच काळ्या पाषाणात आपले किल्ले शतकानुशतके उभे आहेत. दोष होता तो घाईचा आणि देखरेखीच्या अभावाचा.

या कामाची किंमत कोणी मोजली, हेही आपण स्मरले पाहिजे. १८६१ साली एकट्या बोरघाटात ४२,००० मजूर राबत होते. पाथरवट, बेलदार, वडार, मातीची पाटी वाहणाऱ्या स्त्रिया आणि मुलेसुद्धा! १८५९ च्या जानेवारीत मजुरीच्या वादातून दंगा उसळला आणि त्या वेळच्या कंत्राटदाराला काम सोडावे लागले. त्याच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी, येथे येताच थोड्या दिवसांत वारले; त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट चालवून तडीस नेले. पटकीने तर वस्त्याच्या वस्त्या ओस पाडल्या. बर्कली आणि ट्रेडवेल यांची नावे इतिहासात राहिली. त्या बेचाळीस हजारांची मात्र संख्याच राहिली. त्यांतील कितीतरी जण आपल्याच मावळातले, कोकणातले, देशावरचे होते.

लोखंडी तुळईची एक रीत आहे. तिचे एक टोक खांबावर घट्ट जखडतात आणि दुसरे सरकण्यास मोकळे ठेवतात. उन्हाने लोखंड वाढते, थंडीने आकसते, आणि तेवढी मोकळीक नसेल तर खांबालाच तडे जातात. दोन तीरांना जोडून ठेवायचे तर घट्टपणा आणि मोकळीक दोन्ही हवीत, हे आम्हां परमुलखी स्थिरावलेल्यांस निराळे सांगावयास नको. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात गावी जाताना गाडी घाट उतरू लागली की, ज्यांनी तो मार्ग बांधला त्या अनामिकांना आपण मनोमन नमस्कार करू या. आपली इकडची वाट त्यांच्या श्रमांवरूनच आली आहे.