१४,८०० येनचा डबा

दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक जुन्या व्हिडिओ गेमबरोबर माझ्या टेबलावर एक प्रश्न येतो : "काकू, हा कितीला घेऊ?" डोंबिवलीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बाईला हे लोक का विचारू लागले, याचं उत्तर सोपं आहे. टीव्ही आता कुणी दुरुस्त करत नाही, नवा आणतात. सोल्डरिंग आयर्न गरम ठेवायला उरली ती ही तीस-चाळीस वर्षांची खेळणी. मी आकडा सांगत नाही. आधी विचारते, यंत्र कुठलं? जपानचं, अमेरिकेचं, की आपल्या बाजारातलं? भाव त्यावर ठरतो. आणि तो बराचसा आज ठरत नाही, फार पूर्वी क्योटोत आणि मुंबईच्या कस्टमच्या गोदीत ठरून गेलेला आहे.

क्योटोच्या निन्टेंडो कंपनीचा फॅमिकॉम हा व्हिडिओ गेम जपानात १५ जुलै १९८३ ला विक्रीस आला, १४,८०० येनला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांना तो दहा हजारांच्या आत हवा होता. ते काही जमलं नाही, पण त्या हट्टाच्या खुणा यंत्रभर आहेत. ते बनवणारे मासायुकी उएमुरा पूर्वी शार्पमध्ये होते. मुख्य चिप स्वस्तात मिळावी म्हणून रिको कंपनीला दोन वर्षांत ३० लाख चिप घेण्याची हमी दिली गेली. दोन्ही रिमोटच्या वायरी थेट पोटात जोडून टाकल्या, कारण सॉकेट आणि पिन यांचे पैसे वाचतात. लाल-पांढरा रंग मात्र काटकसरीतून आला नाही. यामाउचींच्या आवडत्या स्कार्फचा तो रंग, असं उएमुरांनीच नंतर सांगितलं.

आता हे आज भाव करणाऱ्याच्या काय उपयोगाचं? वायर पोटातून निघते, म्हणून ती मानेशी तुटली की यंत्र उघडल्याशिवाय बदलता येत नाही. विकणारा म्हणतो, "फक्त रिमोट गेलाय, बाकी ओके." बाकी ओके असेलही, पण रिमोट बाजारातून आणून खोचता येत नाही. दुरुस्तीचे पैसे तिथेच वजा करा. पहिल्या खेपांच्या रिमोटवर चौकोनी रबरी बटणं होती, ती दाबली की अडकून बसायची. पुढे गोल प्लास्टिकची आली. चौकोनी बटणांचा फॅमिकॉम दिसला की संग्राहक जास्त पैसे मोजतात. मोजोत बापडे. खेळायला घेणाऱ्याने नेमक्या त्याच बटणांसाठी जास्त का द्यावं, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. शिवाय सुरुवातीच्या यंत्रांत चिपचा दोष निघाला होता, गेम मध्येच थिजायचे, आणि निन्टेंडोला माल परत घेऊन बोर्ड बदलून द्यावे लागले होते.

दुसऱ्या रिमोटवर स्टार्टचं बटण नाही, त्या जागी माइक आहे. झेल्डा मालिकेच्या पहिल्या जपानी गेममध्ये लांब कानांचा एक प्राणी आहे, माइकमध्ये ओरडलं की तो मरतो. विकणारे हा माइक कधी तपासत नाहीत. मी तपासते, आणि शेजारचा झेरॉक्सवाला दचकतो.

जपानचं यंत्र आपल्याकडे आणलं की तीन भिंती आडव्या येतात. पहिली विजेची. त्यांचा ॲडॉप्टर १०० व्होल्टचा, आपली लाइन २३० ची. ॲडॉप्टरमधून निघतो १० व्होल्ट डीसी, त्यातही मधलं टोक ऋण. आपल्या बाजारातले बहुतेक ॲडॉप्टर मध्ये धन असलेले. अमेरिकेतून मामाने आणलेल्या एनईएसचा, म्हणजे फॅमिकॉमच्या तिकडच्या अवताराचा, ॲडॉप्टर तर डीसीही देत नाही, ९ व्होल्ट एसी देतो. तो एनईएसला चालतो कारण त्याच्या पोटात एसीचं डीसी करायची सोय आहे. फॅमिकॉममध्ये ती नाही. दोन्हींचे ॲडॉप्टर एका पिशवीत घालून विकणारे लोक आहेत. पिशवी बघितली की मी यंत्राआधी ॲडॉप्टरवरचा छापील मजकूर वाचते. जपानी ॲडॉप्टर थेट भिंतीला लावून "एकदा चालू करून बघितलं होतं" असं कुणी म्हणालं, तर बंद यंत्राचाच भाव द्या.

दुसरी भिंत टीव्हीची. जपानची रंगपद्धत एनटीएससी, आपली पाल. फॅमिकॉम आपलं चित्र अँटेनाच्या वायरीतून जपानी चॅनेल १ किंवा २ वर पाठवतो. नव्वदीतल्या आपल्या साध्या टीव्हीवर ते चॅनेल महत्प्रयासाने सापडलं, तरी चित्र काळं-पांढरं आणि आवाजाच्या जागी खरखर, कारण चित्राच्या लहरीपासून आवाजाची लहरही दोन्हीकडे वेगळ्या अंतरावर असते. तिसरी भिंत कस्टमची, तिच्याकडे येतेच.

म्हणूनच आपल्या घरांत फॅमिकॉम आला नाही. आली त्याची नक्कल. तैवानच्या युएमसी कंपनीने त्या चिपांच्या प्रती काढल्या, आणि त्यांतल्या काही पालच्या ५० हर्ट्झला बेतलेल्या, तरीही जपानी कॅसेटी बिनतक्रार चालवणाऱ्या होत्या. हे साधं काम नव्हतं. निन्टेंडोने स्वतः युरोपसाठी केलेल्या पाल यंत्रावर जपानी गेम मंद चालत, काहींचं चित्र फाटे. नक्कल करणाऱ्यांनी पडदा काढून झाल्यावरचा रिकामा वेळ लांबवून ती अडचण सोडवली. चोरीचा माल म्हणून याला नाक मुरडणाऱ्यांना मी एकदा तो बोर्ड उघडून दाखवते. समुराई, लिटल मास्टर अशी नावं छापलेले डबे लॅमिंग्टन रोडवर, मनीष मार्केटात, पुण्याच्या पासोड्या विठोबाच्या आसपास मिळायचे. मुलांना निन्टेंडो हे नाव ठाऊकही नसायचं. यंत्र म्हणजे "टीव्ही गेम", काडतूस म्हणजे "कॅसेट". कॅसेटीवर "९९९९ इन १" लिहिलेलं असे आणि आत मोजून पाच-पंचवीस गेम, बाकी त्यांचीच दुसऱ्या लेव्हलपासूनची आवर्तनं.

या नकलांतही दोन पिढ्या आहेत आणि भावाचा सगळा फरक तिथे आहे. जुन्या बोर्डवर सीपीयू वेगळा, चित्राची चिप वेगळी, मेमरी वेगळी. सगळ्या लांब पायांच्या, नंबर छापलेल्या. एक गेली तर दुसऱ्या मेलेल्या यंत्रातली काढून बसवता येते. पुढे सगळं एका चिपमध्ये आलं आणि त्या चिपवर काळ्या इपॉक्सीचा थेंब ओतला जाऊ लागला. तो थेंब गेला की यंत्र गेलं. आवाज चिरका, काही गेमचे रंग भलतेच. असा डबा आजही नवा कोरा मिळतो, मग जुन्याला काय म्हणून पैसे द्यायचे? म्हणून नव्वदीतला टीव्ही गेम विकत घेताना स्क्रू काढायची परवानगी मागा. विकणारा नाही म्हणाला तर आत थेंब आहे असं धरून किंमत सांगा. सुट्या चिपांचा, चालू असलेला, खोक्यासकटचा समुराई मात्र मी जपानी फॅमिकॉमच्या बरोबरीने तोलते. परदेशी संग्राहक मला हसतील. हसू देत.

आता कस्टम. बाहेरून तयार इलेक्ट्रॉनिक माल आणायचा तर कराचा बोजा प्रचंड होता. १९९१ च्या उदारीकरणानंतरही तो लगेच उतरला नाही. सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीने १९९५ मध्ये आपला मेगा ड्राइव्ह हा गेम भारतात आणला तो शॉ वॉलेस कंपनीशी करार करून, ८० टक्के आयातकर चुकवण्याची वाट म्हणून. तरीही किंमत पडली १८,००० रुपये. तेवढ्यात घरी रंगीत टीव्ही यायचा, आणि गेम लावायला टीव्ही तर आधी लागतोच! जपानात हेच यंत्र १९८८ साली २१,००० येनला निघालं होतं, आणि १९९५ पर्यंत तिकडे ३२ बिटवाल्या नव्या यंत्रांचा जमाना सुरूही झाला होता.

त्यामुळे आपल्याकडे मेगा ड्राइव्ह कमी दिसतो आणि दिसला की विकणारा म्हणतो, "रेअर पीस आहे." डोंबिवलीत दुर्मीळ, जगात नाही, जगभर याची विक्री तीन कोटींच्या घरात आहे. जुन्या यंत्राचा भाव परदेशात खरोखर विकल्या गेलेल्या नगांवरून लावावा, त्यात वाहतूक आणि कस्टम मिळवावं, आणि तिथे थांबावं. मागितलेला भाव बघू नये. मागायला काय, कुणी काहीही मागेल. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत सुपर मारिओ ६४ ची एक सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. त्या बातमीनंतर माळ्यावरची प्रत्येक धूळ बसलेली कॅसेट लोकांना सोन्याची वाटू लागली. ती प्रत कधीच कुणी खेळली नव्हती, हे बातमी वाचणाऱ्यांच्या लक्षात राहिलं नाही.

जपानात जुन्या मालाचा बाजार इतका भरलेला कसा, हे लोक विचारतात. तो सहज भरला नाही. जुने गेम विकणाऱ्या दुकानांवर गेम कंपन्यांनी खटले भरले होते. युक्तिवाद असा, की गेम हा कायद्याने सिनेमासारखा आहे, म्हणून त्याच्या प्रती कुठे कशा फिरतील हे आम्हीच ठरवणार. एका जिल्हा न्यायालयाने दुकानांच्या बाजूने निकाल दिला, दुसऱ्याने कंपन्यांच्या. शेवटी २५ एप्रिल २००२ ला जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रत एकदा विकली की तिच्यावरचा तो हक्क संपला. चार वर्षांनी दुसरं संकट आलं, ते विजेच्या सुरक्षेच्या कायद्याचं. नव्या शिक्क्याशिवायची जुनी विद्युत उपकरणं १ एप्रिल २००६ पासून दुकानांत विकता येणार नव्हती. जुन्या विद्युत वाद्यांसाठी संगीतकार ऱ्युइची साकामोतो वगैरे मंडळी विरोधात उभी राहिली, दुकानदार ओरडू लागले, आणि सरकारने माघार घेतली. ती घेतली नसती तर आज माझ्या टेबलावर येणारी निम्मी यंत्रं तिकडे भंगारात गेली असती.

तिकडच्या हार्ड-ऑफसारख्या दुकानांत "जंक" म्हणून एक फळी असते. न तपासलेला किंवा बिघडलेला माल, परत घेणार नाही, असं लिहूनच विकलेला. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. आपल्याकडे तोच माल समुद्र ओलांडून येतो आणि पाटी बदलून "टेस्टेड, वर्किंग" होतो. "टेस्टेड" म्हणजे लाल दिवा लागतो, एवढंच. फॅमिकॉमला तर लाल दिवाही नाही.

निन्टेंडोने फॅमिकॉमचं उत्पादन २००३ पर्यंत चालू ठेवलं आणि दुरुस्ती २००७ मध्ये थांबवली. तेव्हापासून सगळी भिस्त आमच्यासारख्यांवर. यंत्र तसं चिवट आहे. पिवळं पडलेलं प्लास्टिक बघून भाव पाडू नका, तो प्लास्टिकमधल्या ज्वालारोधक रसायनाचा आणि उन्हाचा खेळ आहे, चिपांना त्याचं काही नसतं. उलट पेरॉक्साइडने धुऊन शुभ्र केलेल्यापासून जपा, तो पुन्हा पिवळा होतो. कॅसेट फुंकायची आपली सवय सोडा, ओलसर श्वासाने पट्ट्या गंजतात. स्पिरिट आणि कापूस पुरे. फॅमिकॉमची डिस्क सिस्टिम, १९८६ ची, १५,००० येनची, घ्यायची असेल तर आधी विचारा, रबरी बेल्ट बदललाय का? मूळ बेल्ट आता डांबरासारखा वितळून चाकांना चिकटलेला असतो. बदललेला नसेल तर बंद यंत्राचा भाव, मग ती वरून कितीही चकचकीत असो.

आणि एक गंमत. पूर्वी ज्या एनटीएससीमुळे जपानी यंत्र आपल्याकडे मुकं आणि रंगहीन होतं, ती भिंत आता पडली आहे. नव्या टीव्हीला दोन्ही पद्धती कळतात. म्हणून १ डिसेंबर १९९३ ला ६,८०० येनला निघालेला, थेट एव्ही वायर जोडता येणारा नवा फॅमिकॉम आपल्यासाठी सगळ्यात सोयीचा. त्याचे रिमोटही सुटे निघतात. मूळ लाल-पांढऱ्यापेक्षा त्याला दीडपट द्यायला मी कुणालाही सांगते. हौशी लोक ऐकत नाहीत, त्यांना रंग हवा असतो.

सोबत बदकं टिपायच्या गेमची बंदूक देत असतील तर तिचे वेगळे पैसे मात्र देऊ नका. खटका ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतला डोळा तो उजेड त्याच क्षणी शोधतो. एलसीडीवर चित्र उशिरा पोचतं, म्हणून नेम कितीही धरा, बदक पडत नाही. पिक्चर ट्यूबचा टीव्ही घरात असेल तर गोष्ट वेगळी, मग बंदुकीचे शंभर-दोनशे द्यायला हरकत नाही, आणि टीव्ही विकायचा असेल तर आधी मला फोन करा.