बदनाम पेशींची कुळकथा

येल विद्यापीठातल्या रिचर्ड गर्शन आणि काझुनारी कोंडो यांनी १९७०च्या सुमारास एक कल्पना मांडली: काही टी पेशी प्रतिकार चेतवतात, तशा काही तो आवरतातही. पुढची दहा वर्षं या ‘दमनकारी’ पेशींवर भरभरून लिहिलं गेलं. त्यांची खूण म्हणून ‘आय-जे’ नावाचं प्रथिन मानलं जाई. १९८३मध्ये उंदराच्या गुणसूत्रावर त्याचं जनुक जिथे मानलं जाई तो भाग तपासला, तर तिथे असं जनुकच नव्हतं. खुणेबरोबर पेशीही खोट्या ठरल्या. निकाल घाईचाच होता. पण त्यानंतर हा विषय काढणंही कमीपणाचं झालं.

तो पुन्हा उभा राहिला त्यात आतड्याचा वाटा मोठा. १९९३मध्ये कॅलिफोर्नियात फिओना पाउरी आणि सहकाऱ्यांनी निरोगी उंदरांच्या सीडी४ टी पेशींचे, पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाच्या कमीजास्त प्रमाणावरून, दोन गट पाडले. ज्यांना स्वतःच्या टी पेशीच नाहीत अशा उंदरांना एक गट टोचला, तर काही आठवड्यांत ते खंगले, त्यांना जुलाब लागले, मोठं आतडं सुजलं. दोन्ही गट एकत्र टोचले, तर काहीच झालं नाही. म्हणजे दाह पेटवणाऱ्या आणि तो रोखणाऱ्या पेशी एकाच निरोगी प्राण्यात शेजारी नांदत होत्या.

त्याच वर्षी जर्मनीत इंटरल्यूकिन-१० हा रेणू नसलेले उंदीर तयार झाले; त्यांच्याही आतड्याला दाह झाला. जंतुविरहित जागेत वाढवलेल्या तशाच उंदरांचं आतडं मात्र शाबूत राहिलं. पोटात नेहमी राहणाऱ्या जिवाणूंशीच हा तंटा होता. दाह रोखणाऱ्या पेशी तो इंटरल्यूकिन-१०सारख्या रेणूंनी मिटवतात.

जपानचे शिमॉन साकागुची यांनी १९९५मध्ये या पेशींची सीडी२५ ही नवी खूण दाखवली. २००१मध्ये मेरी ब्रंकाउ आणि फ्रेड राम्सडेल यांना फॉक्सपी३ जनुक सापडलं. ते बिघडलेल्या मुलांना तान्हेपणीच तीव्र अतिसार होतो. या पेशी घडवणारं जनुक हेच, हे २००३मध्ये ठरलं. तिघांना २०२५चं नोबेल मिळालं. पाउरी यादीत नाहीत, हे मला तरी खटकलं.

दरम्यान २०१३पर्यंत आणखी एक धागा हाती आला होता. आपल्याला न पचणाऱ्या चोथ्यापासून आतड्यातले क्लॉस्ट्रिडिया वर्गातले जिवाणू ब्युटिरेट बनवतात आणि त्याने उंदरांच्या मोठ्या आतड्यात या आवरणाऱ्या पेशी वाढतात. जिवाणू आपला बंदोबस्त स्वतःच करून ठेवतात म्हणायचं!