अंधारातली चित्रं आणि जपून वापरलेला उजेड

मागच्या लेखानंतर दोघातिघांनी विचारलं, "तुझ्या पीएचडीत तू दिवसभर नक्की करतोस काय?" खरं सांगायचं तर पुष्कळ वेळ मी अंधाऱ्या खोल्यांमध्ये श्वास रोखून उभा असतो. विषय कोल्हापूरच्या चित्रपरंपरेचा, म्हणजे चित्रं बघायला हवीत आणि त्यांची नोंद म्हणून फोटोही हवेत. आणि चित्रं जिथे असतात तिथे उजेड नसतो!

पहिल्या वर्षी एका संग्रहालयात रीतसर परवानगी काढून गेलो. चाळीसेक फोटो काढले, मोबाईलच्या स्क्रीनवर झकास दिसले. घरी येऊन लॅपटॉपवर बघतो तर निम्मे हललेले, उरलेल्यांत काचेवर माझाच चेहरा आणि मागची ट्यूबलाईट. एक जलरंगातलं निसर्गचित्र तर इतकं पिवळं आलं होतं, की सकाळ आहे की संध्याकाळ ते कळेना. चित्रकाराने कुठल्या वेळेचा उजेड रंगवलाय हाच माझा प्रश्न होता आणि माझ्या फोटोने तोच पुसून टाकला होता. त्या दिवसापासून मी 'फोटो कसा काढायचा' याचाही इतिहास वाचायला लागलो. आजचा लेख त्याबद्दल.

आधी, अंधार का?

संग्रहालयात शिरल्यावर आपण म्हणतो, "काय हो हे, दोन दिवे जास्त लावायला काय जातं?" जातं ना, चित्रच जातं. उजेडाने रंग उडतात, कागद पिवळा पडतो, कापड विरतं. आणि हे नुकसान साचत जातं. रात्री दिवा बंद केला म्हणून दिवसा उडालेला रंग परत येत नाही.

उजेड मोजायचं एकक लक्स. जलरंग, कागद, कापड अशा नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्सच्या वर उजेड नको, असा संकेत जगभरच्या संग्रहालयांत रुळलेला आहे. तैलचित्रांना दीडशे-दोनशेपर्यंत चालतं. आता जरा हिशोब करू. ५० लक्स, दिवसाचे ८ तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १,२०,००० लक्स-तास. रंकाळ्यावर भर दुपारी उन्हात उभे राहिलात तर तिथे एक लाखाच्या आसपास लक्स असतात. म्हणजे संग्रहालयाच्या भिंतीवर चित्राला वर्षभरात जेवढा उजेड मिळतो, तेवढा उन्हात सव्वा तासात मिळतो. म्हणून तो अंधार. कंजूषपणा नाही, चित्राचं आयुष्य लांबवायची ती सोय आहे.

अजिंठा: बघण्याची हाव आणि तिची किंमत

हा पेच नवा नाही, आणि तो नीट समजायचा तर अजिंठ्याला जावं लागतं. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला अजिंठ्याची भित्तिचित्रं उतरवून घ्यायला नेमलं. हा माणूस तिथलाच झाला. वर्षानुवर्षं लेण्यांच्या अंधारात बसून त्याने मोठमोठ्या तैलप्रती केल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या.

गिलने मधल्या काळात कॅमेराही हाती घेतला होता. १८६४ मध्ये त्याच्या लेण्यांच्या छायाचित्रांची पुस्तकं निघाली. त्या काळची पद्धत ओल्या काचेची. काचेवर रसायन लावायचं, ते ओलं आहे तोवरच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. शिवाय काच इतकी 'मंद', की आतल्या अंधारात ती कितीतरी वेळ उघडी ठेवावी लागे. त्यामुळे दगडी खांब, कमानी, स्तूप छान यायचे. चित्रं मात्र जवळजवळ नाहीतच. रंग तर प्रश्नच नव्हता.

मग १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले. त्यांत पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावाजलेले चित्रकार होते. पुन्हा शेकड्याने प्रती, पुन्हा लंडन, आणि १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टनला पुन्हा आग. बऱ्याच प्रती गेल्या. उरलेल्या कामावरून ग्रिफिथ्सने १८९६-९७ मध्ये दोन खंड छापले.

पण मला यात आगीपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त बोचते. काळवंडलेली चित्रं नीट दिसावीत म्हणून या काळात मूळ भिंतींवर व्हार्निश फासलं गेलं. त्या वेळी रंग खुलले, काम सोपं झालं. पुढे १९२० च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी भिंती सावरल्या, पडणारा गिलावा धरून ठेवला, पण त्यांनीही वर शेलॅकचा थर दिला. हे थर पुढे पिवळे-तपकिरी पडले, त्यात धूळ धरली. म्हणजे चित्र नीट दिसावं म्हणून केलेल्या उपायानेच ते पुढच्या पिढ्यांना धूसर झालं. मंडळी, फ्लॅशचं बटण दाबण्याआधी ही गोष्ट मला दर वेळी आठवते.

उलट वाटेची गोष्टही आहे. १९९१ पासून बिनॉय बहल यांनी अजिंठ्याची चित्रं अगदी मंद उजेडात टिपली. प्रखर दिवे नाहीत. ट्रायपॉडवर कॅमेरा, शटर पुष्कळ वेळ उघडं आणि भरपूर धीर. १९९८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं तेव्हा अजिंठ्याला दहादा जाऊन आलेल्यांनाही न दिसलेले निळे-हिरवे रंग त्यात दिसले. नाशिकचे प्रसाद पवारही असेच वर्षानुवर्षं तिथल्या चित्रांची छायाचित्रं घेत आले आहेत. जे काम व्हार्निशने बिघडवलं, ते इथे नुसत्या थांबण्याने साधलं.

मग फ्लॅश खरंच एवढा वाईट आहे का?

इथे मला प्रामाणिक राहायला हवं. "फ्लॅशने चित्र जळतं" असं आपण सर्रास म्हणतो, पण पुरावा तितका सरळ नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीचे डेव्हिड सॉन्डर्स यांनी १९९५ मध्ये यावर प्रयोग छापले. निष्कर्ष असा, की फ्लॅशने होणारा बदल नेहमीच्या दिव्यांखाली होतो त्याहून फार वेगळा नाही. फ्लॅशचा उजेड प्रखर, पण टिकतो सेकंदाचा हजारावा भाग. ब्राँझ किंवा दगडाला तर त्याने काहीच होत नाही.

तरीही मी फ्लॅश वापरत नाही. एक तर नियम आहे, आणि कुठलं चित्र किती नाजूक आहे हे दारातून शिरणाऱ्याला कळत नाही. दुसरं म्हणजे शेजारी शांतपणे चित्र बघणाऱ्याच्या डोळ्यांत आपण वीज पाडतो. आणि तिसरं, संशोधक म्हणून माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, फ्लॅश खोटं बोलतो. समोरून आलेला उजेड रंगाचा जाड थर, कुंचल्याची ओढ, कागदाचा पोत सगळं सपाट करून टाकतो.

आपल्या टाऊन हॉलचंच उदाहरण घ्या. चार्ल्स मँटने उभारलेली १८७२-७६ ची ही इमारत, आत ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या वस्तू. १९४४-४५ च्या सुमारास प्रा. कुंदणगार यांच्या हाती लागलेल्या त्या ठेव्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती आहे. रोमन जगाशी कोल्हापूरचा संबंध सांगणारा हा पुरावा. या गडद ब्राँझवर फ्लॅश मारला तर एक पांढरा ठिपका आणि बाकी काळोख एवढंच मिळतं. बाजूने येणारा मऊ उजेड असेल तर तीच मूर्ती दंडाचे स्नायू दाखवते.

कोल्हापूर आणि उजेड

खरं तर उजेडाचं वेड कोल्हापूरला जुनंच. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला मावळतीचे किरण गाभाऱ्यात कसे पोचतात ते बघायला आपण अजून गर्दी करतो. बाबुराव पेंटरांनी १९१८ मध्ये घरचा कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला. 'सिंहगड' (१९२३) चं नाव आजही कृत्रिम उजेडाच्या वापरासाठी घेतलं जातं. मूळ पेशा चित्रकाराचा, त्यामुळे उजेड कुठून यावा हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नसणार. पण त्यांचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत.

आणि आबालाल रहिमान! शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार. कोटीतीर्थाच्या काठी राहून त्यांनी तळी, घाट, झाडं रंगवली. त्यांचा खरा विषय कोटीतीर्थ नव्हे, कोटीतीर्थावरचा उजेड. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर दुःखाच्या भरात त्यांनी आपली असंख्य चित्रं पाण्यात सोडली, असं कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. चित्रं नक्की किती होती, यावर वाद घालता येईल. पण ती सगळी चित्रं कुणी आधी टिपून ठेवली असती, तर तो वाद उरलाच नसता. जे उरलंय ते मुख्यतः कागदावरचं आणि नाजूक. म्हणून त्याचा एक नीट फोटो ही माझ्या लेखी चैन नव्हे.

तर मी आता काय करतो

आधी परवानगी विचारतो, आणि नाही म्हटलं तर वही काढतो. (वहीत काढलेल्या वेड्यावाकड्या रेघांनीही मला बरंच शिकवलंय.) मग हिशोब. ५० लक्समध्ये एफ २.८ आणि आयएसओ १६०० ठेवलं तर शटर साधारण १/४० सेकंद मिळतं. एवढं हातात धरता येतं, पण कोपर पोटाशी घट्ट, पाठ भिंतीला किंवा खांबाला आणि अर्धा श्वास सोडून. दोन सेकंदांचा टायमर लावला की बोटाचा धक्काही लागत नाही. एकाच चित्राचे पाच-सहा फोटो घ्यावेत, एखादा तरी स्थिर येतोच. थोडं खरखरीत आलं तरी चालेल, हललेलं नको. खरखर नंतर कमी करता येते, हललेल्याला औषध नाही.

काचेसाठी काळा शर्ट घालतो आणि थोडा तिरका उभा राहतो. वाकडी आलेली चौकट घरी सरळ करता येते, पण काचेतली ट्यूबलाईट पुसता येत नाही. रंगासाठी चित्राशेजारच्या पांढऱ्या माहितीफलकाचाही एक फोटो त्याच उजेडात घेतो, म्हणजे पांढरं किती पिवळं झालंय ते कळतं. आणि शेवटी वहीत तारीख, वेळ, खिडकी उघडी होती की बंद, दिवा कसला, हे सगळं लिहून ठेवतो. ही नोंद नसेल तर पन्नास वर्षांनी माझा फोटो बघणाऱ्याला चित्राचा पिवळेपणा आणि बल्बचा पिवळेपणा वेगळा करता येणार नाही. गिलने रंग गमावला तो यंत्राच्या मर्यादेमुळे. आपण गमावला तर तो आळसामुळे.

पुढच्या वेळी टाऊन हॉलला गेलात तर एक करून बघा. आत शिरल्यावर लगेच मोबाईल काढू नका. पाच-दहा मिनिटं नुसतं थांबा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. आधी न दिसलेलं हळूहळू दिसायला लागेल. मग फोटो काढा, फ्लॅश बंद करून.

आणि तुमच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळचं एखादं कोल्हापुरी चित्र भिंतीवर असेल, तर आधी ते उन्हातून बाजूला घ्या. मग मला कळवा. मी येतो काळा शर्ट घालून.