कावड वाहणाऱ्याचा खांदा

आईबापांची सेवा म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दोन मूर्ती उभ्या राहतात. एक कावड खांद्यावर घेतलेला श्रावणबाळ आणि दुसरा पंढरपूरचा पुंडलिक. पहिल्याने आंधळ्या आईबापांना तीर्थयात्रा घडवली. दुसऱ्याने दारी आलेल्या देवाकडे वीट सरकवली आणि हातातली सेवा आटोपेपर्यंत तिच्यावर थांबायला सांगितले. या दोन्ही कथा मी शाळेत कितीदा तरी सांगितल्या आहेत आणि मुले त्या आवडीने ऐकतात. परंतु कादंबऱ्या लिहिणाऱ्याची खोड अशी, की कथेत जे सांगितलेले नसते तेच त्याला दिसू लागते. श्रावणाच्या खांद्याला घट्टे पडले असतील, त्यांना तेल कोणी लावले? तो कधी तापाने फणफणला असेल, त्या दिवशी कावड कोणी उचलली? पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत बसला, तेव्हा घरात पाणी कोण भरत होते? सेवेचे गोडवे आपण पुष्कळ गायिले. सेवा करणाऱ्याची विचारपूस मात्र कथेत नाही, आणि इतिहासातही ती अगदी परवा-परवा सुरू झाली. त्या उशिरा सुरू झालेल्या विचारपुशीची ही हकिकत आहे.

"पूर्वी एकत्र कुटुंब होते, म्हाताऱ्यांचे हाल नव्हते," असे आपण सुस्कारा टाकून म्हणतो. यात खरे आहे ते इतकेच, की घरात माणसे पुष्कळ होती. पण त्या माणसांपैकी नेमके कोण रात्री उठत असे? ओसरीवर बसून पान जमवणारा कर्ता पुरुष खासच नव्हे. माजघरातली थोरली सून उठे. आणि ज्या घरात बालपणी विधवा होऊन माहेरी परतलेली आत्या असे, तिथे बहुधा तीच उठे. आजोबांचे अंथरूण, आजींचा काढा, घरातले बाळंतपण हे सारे तिच्या वाट्याला. तिला पगार नव्हता, सुट्टी नव्हती, आणि "मी दमले" असे म्हणण्याची सोयही नव्हती. जुन्या घराची जी माया आपण आठवतो, तिचा मोठा भाग या न बोलणाऱ्या बायकांच्या कंबरेवर उभा होता. शिवाय वार्धक्यापर्यंत पोचणारेही थोडे. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास आपल्या देशातले सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. बालमृत्यू फार, म्हणून हा आकडा इतका खाली दिसतो हे खरे. तरीही वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले म्हातारपण आजच्याइतके घरोघर नव्हते.

या घराला पहिली भेग पडली ती मुंबईच्या गिरणीच्या भोंग्याने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणातला आणि घाटावरचा तरणा माणूस मुंबईला गेला आणि आईबाप गावी राहिले. तेव्हा म्हाताऱ्यांना दूरवरून मदत पोचवणारे एक नवे साधन आले. ते म्हणजे मनीऑर्डर. टपालखात्याने १८८० साली मनीऑर्डरचे काम हाती घेतले आणि परळच्या खोलीतला पैसा रत्नागिरीच्या खळ्यात जाऊन पोचू लागला. पोस्टमन पैसे मोजून देई, अंगठा घेई आणि खाली लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवी. पण मनीऑर्डर पेज शिजवून देत नाही. पैसा आणि हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोकणातल्या म्हातारीला कुठल्याही सरकारच्या आधी कळले असले पाहिजे.

सरकारांनी विचार सुरू केला तो पैशापासूनच. त्याआधी निराधारांना मिळे तो धर्मादाय आसरा. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या नावाचे अनाथ पंगु गृह १८६० च्या दशकात निघाले, ते अशाच दानातून. इंग्लंडात १८३४ च्या कायद्यानंतर म्हाताऱ्या गरिबाला 'वर्कहाऊस'चे दार दाखवले जाई, आणि आत गेल्यावर नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे. लोकांना मरणापेक्षा त्या दाराची भीती वाटे. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत १८८९ साली कामगारांच्या वार्धक्याच्या विम्याचा कायदा झाला. त्यात कामगार, मालक आणि सरकार तिघांनीही भर घालायची होती, मात्र पेन्शन मिळणार सत्तराव्या वर्षी! इंग्लंडात १९०८ साली कायदा होऊन १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत पेन्शन पोस्टातून मिळू लागले. आपल्याकडे 'पेन्शनर' हा शब्द तोवर चांगला रुळला होता, पण तो सरकारी नोकराचा. ज्याने चाळीस वर्षे औत धरले किंवा माग चालवला, त्याला पेन्शन कसले?

त्याचा विचार राज्यघटनेने केला. १९५० साली अमलात आलेल्या घटनेच्या ४१ व्या कलमात वार्धक्यात साहाय्य देण्याचे तत्त्व आले, 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशा सावध शब्दांसह. उत्तर प्रदेशाने १९५७ साली वृद्धांसाठी पेन्शन सुरू केले. महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार योजना आली. १९९५ साली केंद्र सरकारने ६५ वर्षांवरील निराधारांना महिना ७५ रुपये देण्यास प्रारंभ केला. २०११ साली वयाची अट साठावर आणली. आपल्या राज्यातल्या पेन्शन योजनेला तर श्रावणबाळाचेच नाव आहे, आणि २०२३ साली तिची रक्कम महिना १५०० रुपयांवर गेली. रक्कम थोडी आहे. पण ज्या म्हातारीला औषधाच्या गोळीसाठी सुनेकडे हात पसरावा लागतो, तिच्या कनवटीला स्वतःचे पैसे असले की तिचा आवाज बदलतो. हे मी पाहिले आहे.

आता खांद्याकडे वळू. या भागाची सुरुवात एका पत्राने झाली. इंग्लंडात मेरी वेबस्टर नावाच्या एक धर्मोपदेशिका होत्या. १९५४ साली, वयाच्या तिशीत, म्हाताऱ्या आईबापांना सांभाळण्यासाठी त्यांनी आपले काम सोडले. नऊ वर्षांनी, १९६३ साली, त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिले. माझ्यासारख्या अविवाहित मुली आईबापांपायी नोकरी सोडतात, त्यांची मिळकत जाते, पुढचे पेन्शन जाते, आणि आईबाप गेल्यावर त्या रिकाम्या हाताने उरतात, असा त्याचा आशय. त्यावर देशभरातून बायकांची पत्रे आली. प्रत्येकीला वाटत होते की हे दुःख आपल्या एकटीचेच आहे! १९६५ साली त्यांची संघटना उभी राहिली. वेबस्टरबाई १९६९ साली वारल्या. पण १९७६ साली सांभाळणाऱ्यांना सरकारी भत्ता मिळू लागला. त्यातही गंमत पाहा, लग्न झालेल्या बाईला तो नव्हता. ती घरातच असते, तिने हे करायचेच, असा सरकारचा हिशेब! तो हिशेब चुकीचा ठरवायला युरोपच्या न्यायालयापर्यंत जावे लागले आणि १९८६ साल उजाडले.

जपानात हेच काम एका कादंबरीने केले, हे सांगताना माझ्यातल्या लेखकाला थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी. सावाको आरियोशी या लेखिकेची 'कोकोत्सु नो हितो' ही कादंबरी १९७२ साली आली. नोकरी करणारी एक सून, आणि स्मृती हरवत चाललेला सासरा, एवढीच गोष्ट. ज्याने आयुष्यभर तिला टाकून बोलले, तोच आता तिच्याशिवाय कोणाला ओळखत नाही. कादंबरीच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. जे घराच्या बंद दाराआड चालले होते, त्याची चर्चा चव्हाट्यावर आली. १९८० साली क्योतो येथे अशा कुटुंबांनी आपला संघ काढला. आणि २००० साली त्या देशात शुश्रूषेचा सार्वजनिक विमा सुरू झाला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा, आणि गरज पडली की घरी मदतनीस यायचा, किंवा म्हाताऱ्याने दिवसभर केंद्रात जाऊन बसायचे. अमेरिकेत १९८१ साली स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांच्या कुटुंबांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक निघाले. त्याचे नाव 'छत्तीस तासांचा दिवस'. ज्याने असे माणूस सांभाळले आहे, त्याला या नावाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

आपल्याकडे कायदा आधी आला तो मुलांच्या कर्तव्याचा. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने म्हाताऱ्या आईबापांचे पोषण मुलगा व मुलगी दोघांवरही टाकले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने कोणत्याही धर्माच्या आईबापांना पोटगी मागण्याची वाट दिली. लग्न झालेल्या मुलीवर ही जबाबदारी येते का, हा प्रश्न महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९८७ साली न्यायालयाने 'होय' म्हणून सांगितले. पुढे २००७ साली ज्येष्ठ नागरिकांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यात निर्वाहाचा अर्ज प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर चालतो. तो नव्वद दिवसांत निकाली काढावा असा दंडक आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केले आणि त्याने सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. हे कलम प्रत्येक म्हाताऱ्याने सही करण्याच्या आधीच ऐकून ठेवावे.

पण कायदा 'सांभाळ' म्हणून सांगतो, 'कसा' ते सांगत नाही. आमच्या तालुक्याच्या गावी लोक अर्ज भरून घ्यायला शाळामास्तरकडे येतात. उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, बँकेचे पुस्तक, ही भाषा आता मला पाठ झाली आहे. एकदा पन्नाशीतला एक शेतकरी आला. त्याची आई सात वर्षांपासून सारे विसरत चालली होती. रात्री दार उघडून माहेरी निघे. मी पेन्शनचा कागद पुढे केला. तो म्हणाला, "गुरुजी, पैशाचं कसंतरी बघतो. पण मला अन् कारभारणीला सलग दोन रात्री झोप मिळंल असं कुठं काही हाय का?" मी कागद खालपासून वरपर्यंत पाहिला. त्यात तसा रकाना नव्हता.

त्या रकान्याच्या जवळ जाणारे काम आपल्याच देशात एका ठिकाणी झाले आहे. केरळात कोझिकोड येथे १९९३ साली काही डॉक्टरांनी वेदनाशामक शुश्रूषेची संस्था काढली. पुढे त्यातून शेजाऱ्यापाजाऱ्यांची जाळी उभी राहिली. रिक्षावाला, शिक्षिका, कॉलेजातली मुले थोडे शिकून घेतात आणि परिचारिकेबरोबर अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जातात. कूस कशी बदलावी, जखम कशी धुवावी हे घरच्यांना दाखवतात आणि घटकाभर बसून बोलतात. २००८ साली त्या राज्याने या शुश्रूषेचे धोरणच स्वीकारले. स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांच्या कुटुंबांसाठी कोचीत १९९२ साली अखिल भारतीय संस्था निघाली. इतरत्रही दारे किलकिली झाली आहेत. २०१० नंतर जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी वेगळा विभाग काढण्याचा कार्यक्रम आला. २०२१ साली केंद्र सरकारने ज्येष्ठांसाठी १४५६७ हा बिनखर्ची दूरध्वनी देशभर सुरू केला. त्यावर पेन्शन, कायदा, छळाची तक्रार, सारे विचारता येते, आणि सांभाळणाऱ्यालाही विचारता येते. २०२४ साली सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत घेतले गेले. मदत अपुरी आहे. पण आहे तीही घरापर्यंत पोचत नाही, कारण ती मागणे म्हणजे आपल्या सेवेला कमीपणा, असे आपल्याला वाटते.

हा समज मला सर्वांत घातक वाटतो. वेबस्टरबाईंनी पत्र लिहिले म्हणून त्यांचे आईबापांवरचे प्रेम कमी झाले नव्हते. दमलेला माणूस चिडतो, चिडलेला माणूस म्हाताऱ्याच्या अंगावर ओरडतो, आणि मग रात्री एकटा रडतो. त्याला विसावा मिळाला तर त्याचा पहिला लाभ अंथरुणातल्या म्हाताऱ्यालाच होतो.

दिवाळीचे दिवस आहेत. आपण फराळाची ताटे घेऊन घरोघर जातो, म्हाताऱ्यांच्या पाया पडतो, "काय म्हणते तब्येत?" असे विचारतो आणि उठतो. आपल्या आळीत असे एखादे घर असेल, जिथली सूनबाई चार वर्षांत भाऊबीजेला माहेरी गेलेली नाही. तिथे यंदा ताट देऊन लगेच उठू नये. आजोबांची औषधाची वेळ विचारून घ्यावी, पाण्याचे भांडे कुठे आहे ते पाहून ठेवावे, आणि तिला म्हणावे, "तू जाऊन ये. संध्याकाळपर्यंत मी बसतो."