सिनेमाचा वग

सिनेमानं तमाशा मारला, असं जो तो म्हणतो. जिंतूर तालुक्यातल्या जत्रांमध्ये पन्नास वर्षं तमाशा बघितलेला माणूस म्हणून मला हे अर्धंच खरं वाटतं. सिनेमानं आधी मोडलं ते संगीत नाटक. तमाशानं उलट सिनेमाच पचवला आणि त्यावर बरीच वर्षं काढली.

1932 साली 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट आला. त्यात राजा हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, म्हणजे संगीत नाटकातलाच माणूस. गाणारा नट पडद्यावर गेला, मागोमाग प्रेक्षक गेला आणि नाटक कंपन्या एकेक करून बसल्या. आमच्या भागात तेव्हा निजामाचं राज्य होतं. खेड्यातल्या माणसाला नाटक कंपनी बघायला मिळणं अवघडच. त्याच्या वाट्याला तमाशाचा फड, आणि पुढं टुरिंग टॉकीज.

जत्रेत दोघांचे तंबू जवळजवळच लागायचे. 1975 ला 'जय संतोषी माँ' आला, तेव्हा बायाबापड्या चपला बाहेर काढून तंबूत बसायच्या, पडद्यावर पैसे उधळायच्या. शेजारच्या तंबूतला फडमालक हे बघत होता. त्याच्या पोटाचा प्रश्न होता. मग एखादा सिनेमा गाजला, की नाव बदलून त्याच्या गोष्टीचा वग बसायचा. यात फडाला नवं असं काही वाटत नसावं. 1865 सालचा उमाजी सावळजकरांचा 'मोहना-बटाव' हा पहिला वग मानतात. तेव्हापासून वग म्हणजे गाण्यातून, बोलण्यातून रंगवलेली गोष्टच. पुराणातली घेतली, राजाराणीची घेतली, तशी सिनेमातली घेतली.

पण पडद्यावरची गोष्ट जशीच्या तशी फळ्यांवर चढत नाही. सिनेमात नायिकेचा डोळा पाण्यानं भरला की तो आख्ख्या पडद्याएवढा दिसतो. मैदानात हजार माणसांमागं बसलेल्याला बाईचा डोळा कुठून दिसणार? म्हणून ते दुःख गाण्यात घालावं लागतं. झीलकरी मागून सूर धरतात, ढोलकी थांबते, आणि मग शेवटच्या ओळीतल्या माणसालाही रडू कळतं. मुंबई दाखवायला आगगाडी लागत नाही. सोंगाड्या "चला मुंबईला" म्हणून स्टेजवर एक गिरकी घेतो, की आली मुंबई. मारामारी दोन मिनिटांत उरकते, पण जिथं पब्लिक हसायलंय तिथं सोंगाड्या अर्धा तास काढतो. सिनेमातला मोठा भाग टाकून द्यायचा आणि टाकलेल्या जागी आपलं घालायचं, ही त्यातली खरी कारागिरी.

माझ्या लक्षात राहिला तो मास्तराचा वग. व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' 1972 सालचा. मूळ गोष्ट 1930 च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन सिनेमाची. शिस्तीचा मास्तर नाचणाऱ्या बाईपायी धुळीला मिळतो. जर्मनीतली गोष्ट मराठी मातीत आणताना शांतारामबापूंनी तिला तमाशाचा फड दिला. श्रीराम लागू, संध्या, निळू फुले. राम कदमांचं संगीत, जगदीश खेबुडकरांची गाणी. आमच्याकडं लोकांनी तो पुन्हा पुन्हा बघितला. पुढं काही वर्षांनी एका फडानं त्याच धाटणीचा वग आमच्या भागात केला. आता गंमत बघा. सिनेमात तमाशामुळं माणूस बिघडतो. इथं तीच गोष्ट तमाशातलीच बाई सांगणार होती. ती स्वतःला दोष देईल होय? तिनं मास्तराला सोडलं आणि पुढं बसलेल्या गावकऱ्यांकडं हात केला. दिवसा आम्हाला गावाबाहेर ठेवता आणि रात्री सुपारी देऊन बोलावता, मग बिघडलं कोण, असा सवाल टाकला. मांडव एकदम गप झाला. मोठी माणसं खाली बघायला लागली. पडद्यावरच्या बाईला असं विचारता येत नाही, कारण तिला आपण दिसत नाही.

शहरातही हे झालं, मोठ्या पैशात. 2016 मध्ये फिरोज अब्बास खान यांनी मुंबईत 'मुघल-ए-आझम'चं संगीत नाटक केलं. के. आसिफ यांचा सिनेमा 1960 चा, पण त्याच्याही आधी इम्तियाज अली ताज यांचं 'अनारकली' हे नाटक होतं, 1922 चं. म्हणजे गोष्ट फिरून घरीच आली. त्यात नटी स्वतः गातात, आणि तेही नाचता नाचता. अनारकली करणाऱ्यांपैकी एक प्रियांका बर्वे, गायिका मालती पांडे-बर्वे यांची नात. लताबाईंचा आवाज लोकांच्या कानात बसलेला असताना स्टेजवर उभं राहून तेच गाणं आपल्या गळ्यातून म्हणायचं, याला छाती लागते.

आमचे फड पुढं इथंच घसरले. गावातली पोरं वर्गणी द्यायला लागली आणि त्यांनी वगाऐवजी सिनेमाची गाणी मागितली, तीही सिनेमात आहेत तशीच. ढोलकीशेजारी कीबोर्ड आला, लाइटी आल्या, वग मागं ढकलला गेला. कधी तो सुरू व्हायच्या आतच मांडव रिकामा. फडमालकाला दोष देता येत नाही. गाडीचं डिझेल, शे-दीडशे माणसांचं जेवण आणि डोक्यावरचं कर्ज घेऊन तो फिरतो. सुपारी देणारा मागेल ते त्याला करावंच लागतं. पण नक्कल सुरू झाली आणि तमाशा हरला. जे गाणं पोराच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे, ते ऐकायला तो थंडीत का बसेल?

बी बाहेरून आणलं तरी पीक आपल्या रानातलंच म्हणतात, पण त्यासाठी ते पेरावं लागतं. आणलेलं पोतं तसंच बाजारात नेलं तर ती दलाली झाली. ज्या फडांनी सिनेमा आपल्या रानात पेरला, त्यांचे वग म्हातारी माणसं अजून पारावर सांगतात. ज्यांनी पोतं विकलं, त्यांचं काय आठवतं म्हणून विचारलं, तर लाइटी लई होत्या, एवढंच.