वेशीपासूनचा इतिहास

वाटूर हे जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातले गाव. वाटूर फाटा एसटीने फिरणाऱ्या पुष्कळांना ठाऊक असतो; गावाचा कारभार कोणी कसा चालवला, हे मात्र कोणी विचारत नाही. मला ते विचारायचे आहे, आणि चावडीपासून नव्हे, वेशीपासून विचारायचे आहे.

गाव जागचे हलले नाही, वरची सत्ता बदलत राहिली. निजामाच्या राज्यात सालारजंगाने १८६५ साली जिल्हाबंदी केली. पुढे परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. वर सुभेदार, तालुकदार, तहसीलदार. गावात माली पाटील, पोलीस पाटील, पटवारी. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपली. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि परतूर परभणीतून निघून त्याला जोडले गेले.

ही झाली वरची यादी. पण हे राज्य गावात कोणाच्या पायांनी चालले? सांगावा नेणे, साहेबाचे ओझे वाहणे, वसुलीच्या रकमेबरोबर खजिन्यापर्यंत जाणे, रात्री वेस राखणे ही मराठवाड्यातल्या गावोगावी महाराची कामे. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष प्रमाण. पाणवठ्यावर मात्र त्याचा विटाळ! पाटीलकीला मान होता, पटवाऱ्याकडे लेखणी होती, महारकीच्या वाट्याला राबणूक आणि बलुत्याची भाकर आली. आणि या तिघांनाही वतन हे एकच नाव!

१९२८ साली बाबासाहेबांनी या वतनाच्या गुलामीविरुद्ध मुंबई कौन्सिलात विधेयक मांडले. वाटूर त्या कौन्सिलाच्या हद्दीबाहेर, निजामाच्या मुलखात. राज्ये दोन होती, वेठ एकच होती.

१९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटलाचे पद वंशाकडून नेमणुकीकडे आले. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि सरपंचपदही दलितांसाठी, स्त्रियांसाठी राखीव होऊ लागले. चावडीखाली उभे राहणाऱ्यांच्या नातवंडांना कायद्याने खुर्ची दिली. पण सही एकाची आणि निर्णय दुसऱ्याचा, असे असेल तर खुर्ची बदलली, कारभार बदलला नाही, असेच मी म्हणेन.

म्हणून शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे. दप्तर पाटील-पटवाऱ्यांनी लिहिले. टपाल नेणाऱ्याने लिहिले नाही, कारण त्याला लिहू दिले नाही. वस्तीतली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. आजा कोणाचे ओझे कुठवर वाहत होता, ते विचारा आणि लिहून ठेवा. त्याशिवाय गावाचा इतिहास अर्धाच राहील.